दुकानाच्या बिलिंग स्क्रीनची मांडणी स्वतः बदलताना : कोकणातल्या काउंटरवरचे अनुभव हवेत

पुळ्याची_वाट

नमस्कार मंडळी,

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला आमचं दुकान आहे. अर्धं किराणा आणि अर्धं कोकणमेवा: काजू, आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मोसमात आंबा. बिलिंगला युनिसेंटा ओपॉसची मुक्त-स्रोत आवृत्ती वापरतो. ओपनब्राव्हो पॉस या जुन्या बिलिंग प्रोग्रामच्या वंशातला, जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. त्याची विक्रीची स्क्रीन आपल्याला हवी तशी करता येते, हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं, म्हणून हा धागा.

आमच्याकडे गल्ल्यावर दोन मुली असतात आणि गर्दीच्या दिवशी सासूबाई बसतात. त्यांना कुठला माल कुठल्या फडताळात आहे हे डोळे मिटून सांगता येतं. पण स्क्रीनवर तोच माल शोधायला त्या अडखळायच्या, कारण तिथे सगळं इंग्रजी वर्णक्रमाने लावलेलं होतं. अगरबत्ती, आगळ, आंबापोळी, आमसूल, आटा अशी शेजारशेजार. आटा मागणारा आणि आगळ मागणारा माणूस एक नसतो. एक गावातला असतो, दुसरा देवदर्शन करून मुंबई-पुण्याला निघालेला.

मग आम्ही गिऱ्हाईक ज्या क्रमाने माल मागतं त्या क्रमाने बटणं लावली. प्रवासी काजूपासून सुरुवात करतो, मग आमसूल, मग पोळ्या, शेवटी आगळ किंवा सरबत, कारण बाटली पिशवीत वरती ठेवायची असते. म्हणून ‘मेवा’ या पानावर पहिली ओळ काजूची, दुसरी कोकमाची, तिसरी पोळ्यांची. गावच्या गिऱ्हाइकासाठी ‘किराणा’ हे वेगळं पान. प्रत्येक मालाच्या नोंदीत तो कॅटलॉगमध्ये दाखवायचा की नाही आणि कितव्या क्रमांकावर, हे भरायची सोय आहे. अंक भरताना मध्ये जागा सोडा (१०, २०, ३० असे), म्हणजे नवा माल आला तर सगळे अंक पुन्हा भरायला लागत नाहीत.

बिलाच्या ओळीत कोणते रकाने दिसावेत आणि किती रुंद, हे ‘रिसोर्सेस’मधल्या ‘टिकेट.लाइन’ या नोंदीत ठरतं. खालची जास्तीची बटणं आणि चित्रांचा आकार ‘टिकेट.बटन्स’मध्ये. दोन्ही साधा एक्सएमएल, म्हणजे कंसांतल्या खुणांनी लिहिलेला मजकूर आहे. हात लावण्याआधी जुना मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. एक कंस उघडा राहिला तरी विक्रीची स्क्रीन रुसते.

एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगते. बटणाची उंची इंग्रजीच्या हिशेबाने ठेवली तर मराठीतले उकार खालून कापले जातात. ‘कुळीथ’चं ‘कळीथ’ दिसतं आणि ‘आमसूल’मधला ऊकार गायब. वरून रफार आणि वेलांटीचं तेच. बटणावरचा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहिता येतो, तिथे नाव दोन ओळींत तोडलं आणि चित्राचा आकार वाढवून बटण उंच केलं, तेव्हा अक्षरं पूर्ण दिसली.

आता माझे प्रश्न. आंब्याच्या मोसमात बटणं बदलायची की वेगळं पान करायचं? बटणांवर फोटो ठेवावेत का? आणि ‘ओळ रद्द’ हे बटण नेमकं कुठे असावं?

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

ताई, फार उपयोगी धागा. फोटोंबद्दल माझं स्पष्ट मत: काजूला फोटो ठेवू नका. दोनशे चाळीस आणि तीनशे वीस या प्रतींचे फोटो बटणाच्या आकारात सारखेच दिसतात. हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो, त्यामुळे आकडा वाढला की गर लहान आणि भाव कमी. फरक आकड्यात आहे, तर आकडाच मोठा लिहा. आमच्या बटणांवर ‘१८०’, ‘२१०’, ‘२४०’, ‘३२०’, ‘पाकळी’, ‘तुकडा’ एवढंच आहे. ‘काजू’ हा शब्दसुद्धा नाही, कारण पानाचं नावच काजू. त्यामुळे अक्षर दुप्पट मोठं ठेवता आलं.

सालीसकट भाजलेला काजू आणि सोललेला यांना मात्र रंग वेगळा दिलाय. तिथे चूक झाली तर किलोमागे मोठा फरक पडतो.

नवा_दुकानदार

माझं दुकान देवरुखला, नुकतंच सुरू केलंय. मी जे सॉफ्टवेअर बघतोय त्यात ‘जास्त खपणारा माल आपोआप वर’ अशी सोय आहे. मग हाताने क्रम लावायची गरजच काय? आंब्याच्या दिवसांत आंबा आपोआप वर येईल.

कोड_आणि_कोकम

सावंतवाडीत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम करतो. देवरुखच्या दादांनी विचारलेली ही सोय ऐकायला छान वाटते, पण काउंटरसाठी ती बंद ठेवा. कळकळीने सांगतो.

गल्ल्यावर बसणारा माणूस महिनाभरात बटणं वाचायचं थांबवतो. डोळे गिऱ्हाइकाकडे असतात आणि बोट आपोआप डावीकडून तिसऱ्या बटणावर जातं. ते बटण सोमवारी आमसूल आणि शुक्रवारी फणसपोळी झालं, तर बिल चुकणार, आणि माणूस चुकला असं वाटून आपण त्याच्यावर ओरडणार. मोबाइलच्या ॲपवर आपलीआपण वर येणारी यादी चालते, कारण तिथे माणूस निवांत वाचून निवडतो. काउंटरवर तेवढी उसंत नसते.

बटणाच्या आकाराचं शास्त्र जुनं आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे हात पोचायला वेळ जास्त. म्हणून रोज लागणारी बटणं मोठी ठेवायची आणि हात जिथे विसावतो त्याच्या जवळ. मोबाइलच्या जगात बोटाने दाबायच्या जागेला साधारण ९ मिलिमीटर पुरे धरतात. काउंटरवर उभ्याने, घाईत, हात लांब करून दाबायचं असतं, तिथे मी १८ ते २० मिलिमीटरच्या खाली जात नाही. हिशेब सोपा आहे: १५ इंची, १०२४ गुणिले ७६८ च्या टचस्क्रीनवर ६४ पिक्सेल म्हणजे जवळपास १९ मिलिमीटर.

मोसमासाठी वेगळं पान करा. ‘मेवा’ आणि ‘किराणा’ आहेत तिथेच राहू देत आणि ‘आंबा’ नावाचं तिसरं पान मार्चमध्ये उघडा, जूनमध्ये लपवा. पानाचं बटण मात्र शेवटी ठेवा. मध्ये घुसवलं तर पुढची सगळी सरकतील.

मत्स्यगंधा_मालवण

ह्या माका पटला! आमची पण सुक्या मासळीची आणि मसाल्याची पानं अशीच वेगळी आहेत.

माझी अडचण वेगळी. सोडे, जवळा, सुकट मोजून दिली की हाताला तेलकट ओल राहते. पावसात तर हात कोरडे असे कधी नसतातच. आमची टचस्क्रीन मोबाइलसारखी आहे, पाण्याचा थेंब पडला की भलतंच बटण दाबलं जातं. यावर काय करावं?

कोड_आणि_कोकम

ताई, मोबाइलसारखी म्हणजे कपॅसिटिव्ह. ती बोटाची वीजधारणा ओळखते, त्यामुळे पाण्याचा थेंबही तिला बोटासारखा वाटू शकतो आणि हातमोजा घातला की बोट ओळखू येत नाही. दाबाने चालणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन ओल्या हाताला आणि मोज्याला चालते. चित्र थोडं मंद दिसतं आणि वरचा पडदा टोकदार वस्तूने चिरतो, पण मासळीच्या दुकानाला तीच बरी.

स्क्रीन बदलायची नसेल तर मांडणीतून मार्ग काढा. वजनाच्या मालासाठी स्क्रीनला हातच लागू नये असं करा. लेबल छापणारा काटा घ्या. मोजलं की चिकटपट्टी निघते, स्कॅनरने वाचली की बिलात ओळ आली. दुकानाच्या आतल्या वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे बारकोड राखून ठेवलेले आहेत. ओडू या दुसऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या मूळ बारकोड-नियमावलीत २१ ने सुरू होणारा १३ अंकी कोड वजनाचा असतो: २१, मग मालाचे पाच अंक, मग वजनाचे पाच (दोन किलोचे, तीन ग्रॅमचे), शेवटी तपासणीचा अंक. समजा जवळ्याचा क्रमांक ४२ आणि वजन पाव किलो, तर कोड २१ ०००४२ ००२५० ० असा येतो. काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये हीच रचना भरलेली असली की झालं. बाहेरच्या कंपनीच्या पाकिटावर भारताचा ८९० दिसतो, त्याच्याशी याची गल्लत होत नाही.

मत्स्यगंधा_मालवण

हे फारच कामाचं. काटा जिथे आहे तिथे ओले हात आणि गल्ला जिथे आहे तिथे कोरडे, अशी दोन माणसांत वाटणी होईल. देव बरे करो.

अजून एक. शोधायच्या चौकटीत माल आमच्या बोलीतल्या नावानेही सापडायला हवा. मुलगी ‘सुंगटां’ टाइप करते आणि यादीत ‘कोळंबी’ असते. आम्ही नावातच दोन्ही लिहून ठेवलीत, बिलावर थोडं लांब दिसतं, पण शोध लगेच लागतो.

हिशेबनीस_रत्नागिरी

हिशेबाच्या बाजूने दोन गोष्टी, कारण त्या स्क्रीनवर थेट दिसतात.

धागाकर्त्या ताई जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी करपद्धत) असतील तर बिलात कर वेगळा लावता येत नाही. द्यायचं असतं ते ‘बिल ऑफ सप्लाय’, आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमधले करपात्र व्यक्ती आहोत, मालावर कर गोळा करण्यास पात्र नाही, असं छापावं लागतं. मग स्क्रीनवर कराचा रकाना कशाला हवा? तो काढा आणि ती रुंदी मालाच्या नावाला द्या.

नियमित करदाते असाल तर कराचा दर बटणावर किंवा मालाच्या नावात कधी लिहू नका. ‘अमुक ५ टक्के’, ‘तमुक १२ टक्के’ अशी बटणं मी बऱ्याच दुकानांत पाहिली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि त्या दुकानदारांना एकेक बटण उघडून नाव बदलायला लागलं. ज्यांनी माल कराच्या गटाला जोडला होता, त्यांनी फक्त गटाचा दर आणि कोणता माल कुठल्या गटात हे बदललं, स्क्रीनला हात लागला नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. मांडणीबद्दल फार बोलणार नाही, पण एवढं मनापासून सांगतो: ही मेहनत जपून ठेवा. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आमच्या आळीतले संगणक पाण्याखाली गेले. मालाच्या याद्या काही जणांना पुरवठादारांकडच्या बिलांवरून परत जुळवता आल्या. पण कुठलं बटण कुठे होतं, कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला भाव लावला होता, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

युनिसेंटात ‘रिसोर्सेस’ डेटाबेसमध्येच साठतात, म्हणजे डेटाबेसची नक्कल घेतली की मांडणीही तिच्यात येते. ती नक्कल दुकानात ठेवू नका. पेन ड्राइव्ह घरी न्या, घर नदीकाठी असेल तर डोंगराकडच्या नातेवाइकांकडे ठेवा. आणि स्क्रीनचा एक फोटो मोबाइलवर काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. नव्या मशीनवर बटणं लावताना त्या फोटोसारखी मदत कशाची होत नाही.

हर्णै_बंदर

रंगाबद्दल इथे थोडकंच आलंय, मला त्यावर बोलायचंय. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. माझ्या दुकानाचं दारही. चारनंतर ऊन थेट काउंटरवर येतं, आणि नेमकी तीच वेळ बंदरावरचा मासळीचा लिलाव आटोपून पर्यटक बाजारात शिरण्याची. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने काळ्या पार्श्वभूमीची मांडणी दिली होती, डोळ्यांना बरी म्हणून. उन्हात त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसायचा, आकडे नाहीत. आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं आहेत. एकूण रकमेचा आकडा सर्वांत मोठा, तोही काळा. फिकट राखाडी अक्षरं दिसायला नाजूक असतात, पण दुकानात ती वाचता येत नाहीत.

दुसरं, ‘पैसे आले’ हिरवं आणि ‘रद्द’ लाल एवढ्यावर भिस्त ठेवू नका. लाल-हिरव्यात गोंधळणारी माणसं पुरुषांमध्ये कमी नाहीत. माझा भाचा त्यातला. बटणावर शब्द लिहा आणि जागा लांब ठेवा.

कोड_आणि_कोकम

हर्णैकरांना दुजोरा. वेबवरच्या सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असा सांगितलाय. बंद खोलीतल्या स्क्रीनला ते किमान आहे, उन्हातल्या काउंटरला त्याहून बराच जास्त ठेवा. काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं दोन्हींचं गुणोत्तर २१ ला १ असतं, पण चकाकणाऱ्या काचेवर पांढरी पार्श्वभूमी प्रतिबिंब झाकते. म्हणून त्यांचा अनुभव अगदी बरोबर आहे.

‘ओळ रद्द’बद्दल: ते ‘पैसे घ्या’च्या शेजारी कधीच नको. ‘पैसे घ्या’ उजवीकडे खाली, ‘ओळ रद्द’ डावीकडे वर. युनिसेंटात कोणाला काय करता येईल हे भूमिकेच्या नोंदीत ठरतं (मालक, व्यवस्थापक, कर्मचारी असे वेगळे). पण ओळ काढायचा अधिकार मुलींकडून काढून घेऊ नका. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी ‘हे नको’ म्हणतंच. दर वेळी मालकाला हाक मारायला लागली तर रांग थांबते, आणि काउंटरवरच्या माणसाचा मान जातो. पूर्ण बिल रद्द करायचा अधिकार तेवढा वर ठेवा.

नवा_दुकानदार

पटलं. आपोआप वर येण्याची सोय बंद ठेवतो. ओडू घ्यावं म्हणतोय. तिथे हे बदल कसे करतात?

कोड_आणि_कोकम

ओडूची विक्री-स्क्रीन ब्राउझरमध्ये चालते. एकदा उघडली की मध्ये इंटरनेट गेलं तरी बिल करता येतं, नेट आल्यावर ऑर्डरी सर्व्हरला जातात. आपल्याकडे पावसात हे लागतंच. मात्र नेट नसताना पान बंद करू नका किंवा पुन्हा लोड करू नका.

साधे बदल सेटिंगमधूनच होतात. प्रत्येक काउंटरला ठरावीक गटच दाखवता येतात, म्हणजे मेव्याच्या काउंटरवर किराणा दिसायलाच नको. त्यापलीकडे काही हवं असेल, जसं बटणाचा आकार किंवा जास्तीचा रकाना, तर वेगळं मॉड्यूल (छोटा जोड-प्रोग्राम) लिहून मूळ साच्याला वरून जोडायचं असतं. कोणी ‘दोन मिनिटांत करून देतो’ म्हणून मूळ फाइलच बदलू लागला तर थांबवा. पुढची आवृत्ती आली की ते बदल पुसले जातात. मॉड्यूल नव्या आवृत्तीला जुळवून घ्यावं लागतं, पण निदान तुमचं काम एका जागी राहतं.

बागेतली_सुपारी

मुरुडहून. स्क्रीन मराठीत झाली, पण छापील बिलावर चौकोन येतात. कोणाला उपाय माहीत आहे?

कोड_आणि_कोकम

बहुतेक थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरीचा फाँट नसतो, म्हणून मजकूर पाठवला की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं. प्रिंटरच्या विंडोज ड्रायव्हरमधून छापलं तर तो हे काम करतो. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर म्हणजे ३८४ ठिपके, ८० च्या रोलवर साधारणपणे ५७६. मराठी नावांना ८० चाच रोल घ्या. फाँट म्हणून मुक्ता वापरून पाहा, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फुकट आहे, आणि लहान आकारातही मात्रा सुटसुटीत राहतात.

पुळ्याची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या बारकाईने उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

काजूचे फोटो काढले, आकडे मोठे केले. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतात. आम्ही कंपोझिशनमध्येच आहोत, त्यामुळे कराचा रकाना गेला आणि ‘आंबापोळी (घरगुती) २५० ग्रॅम’ हे नाव एका ओळीत पूर्ण मावलं. ‘ओळ रद्द’ डावीकडे वर नेलं.

एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही म्हणून सांगते: बिल बाजूला ठेवायचं बटण. देवळाकडून आलेल्या बसमधली मंडळी रांगेत उभी राहतात आणि पैसे द्यायच्या वेळी एकाला आठवतं की शेजारच्यांसाठी आमसूल घ्यायचंय. तो आत जातो, मागचे खोळंबतात. आता त्याचं बिल बाजूला ठेवून पुढच्याचं करतो. हे बटण आम्ही ‘पैसे घ्या’च्या बरोब्बर वर, त्याच रुंदीचं ठेवलंय, कारण गर्दीत दोन्ही सारखीच लागतात. बाजूला ठेवलेल्या बिलाला टोपीचा रंग किंवा गाडीचा नंबर असं काहीतरी नाव द्यायची सवय मुलींनी स्वतःच लावून घेतली.

आंब्याचं पान शेवटी जोडतेय. आंब्याला एकच भाव धरून चालत नाही, रोज सकाळी बदलतो, आणि पेटीत डझन किती हे फळाच्या आकारावर. म्हणून त्या पानावर डझनाची चार बटणं आकाराप्रमाणे आणि पेटीचं एक, दाबलं की किंमत विचारणारं. डझनाचे भाव दुकान उघडताना मीच भरणार, काउंटरवर कोणाला बदलता येणार नाहीत.

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

ताई, पेटीलाही किंमत विचारू नका, गर्दीत शून्य कमी-जास्त पडतं. आकाराप्रमाणे पेटीची दोन बटणं करा आणि भाव सकाळीच भरा. वाटाघाटीचं गिऱ्हाईक आलं तर सवलत वेगळ्या ओळीत द्या, म्हणजे संध्याकाळी किती सोडलं ते दिसतं.

पुळ्याची_वाट

हे पटलं, तसंच करते. ‘टिकेट.लाइन’चा आमचा मजकूर ज्यांना हवाय त्यांनी व्यक्तिगत निरोप टाका, पाठवते. रकान्यांच्या रुंदी १०२४ च्या स्क्रीनच्या आहेत, तुमची मोठी असेल तर आधी नावाचा रकाना वाढवा, बाकीचे तसेच राहू देत.